स्टेअरिंगच्या तेलावर चालणारा ब्रेक

एप्रिलचं पहिलं ऊन पडलं तशी मोटरहोम चार हात पुढे घेतली, आणि मागे काँक्रीटवर ताटलीएवढा लाल डाग दिसला. ओहायोत नोव्हेंबरपासून गाडी एका जागी उभी असते. लाल तेल म्हणजे गिअरबॉक्स, हाच कुणाचाही पहिला अंदाज. पण इंजिन गरम करून पट्टी ओढली तर गिअरबॉक्सचं तेल बरोबर खुणेवर होतं. शिवाय डाग होता पुढची चाकं आधी उभी होती त्या रेषेत. मग पॉवर स्टेअरिंगच्या पंपाचं झाकण उघडलं. आधीच्या मालकाने पंपात गिअरबॉक्सचंच लाल तेल घातलं होतं, आणि ते आता तळाला गेलं होतं.

गाडी १९७८ची. शेव्हरोलेच्या पी-३० सांगाड्यावर घर बांधलेलं, ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे झाकणाखाली, वजन सहा टनांच्या घरात. त्या वसंतात आई-बाबा आमच्याकडे आले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत गेली. डाग पाहिल्यावर त्यांनी चप्पल बाजूला काढली, खाली सतरंजी टाकायला सांगितली आणि बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. पाच मिनिटांनी खालूनच आवाज आला, “ही नळी कधी बदललीय रे?”

गाडीबरोबर मिळालेल्या कागदांत तशी नोंद कुठेच नव्हती. गाडी चालली होती ४१ हजार मैल, म्हणजे फारच थोडी, आणि त्या आकड्यावर मी निर्धास्त होतो. बाबांनी पंपातून निघणारी जाड नळी फेरूलजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या बांगडीजवळ, हलकेच वाकवली. रबरावर बारीक भेगा उघडल्या आणि भेगांत तेलाने ओली झालेली धूळ दिसली. गाडी उभी असली तरी रबर वाळत असतं, तडकत असतं. त्यात कोणाची चूक नव्हती, नळीचं वय झालं होतं.

इथे या गाडीची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण माझ्या सांगण्याचा सगळा जीव तिच्यात आहे. साध्या मोटारीत ब्रेकला जोर मिळतो तो बहुधा इंजिनाच्या व्हॅक्यूमचा. या गाडीत हायड्रो-बूस्ट आहे. पंपातून दाबाने निघालेलं तेल आधी ब्रेकच्या बूस्टरमधून जातं, तिथून स्टेअरिंग बॉक्सला आणि दोन्हीकडून परत पंपाच्या डब्यात येतं. पंप एकच. नळी फुटली तर स्टेअरिंग जड होतंच, पण ब्रेकचं पेडलही दगड होतं. बूस्टरला अ‍ॅक्युम्युलेटर आहे, त्यात साठलेल्या दाबावर दोन-तीनदा ब्रेक लागतो. त्यानंतर नुसत्या पायाच्या जोरावर सहा टन थांबवायचे. चाकं तरीही वळतात, ब्रेकही लागतो, पण उतारावर समोर वळण असताना तेवढ्याने भागेल यावर मी घरच्यांचा जीव टांगणार नाही. “थोडं झिरपतंय ना, अधूनमधून तेल घालत राहा,” असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. असा सल्ला देणाऱ्याने ही गाडी एकदा डोंगरातून खाली आणून पाहावी.

तेल नक्की कुठून येतंय ते शोधायला आम्ही सगळं आधी पुसून कोरडं केलं. बायकोने इंजिन चालू करून स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवून क्षणभर धरलं. बाबांचा हात सवयीने नळीकडे गेला, तो मी मनगटाला धरून मागे घेतला. टोकाला दाब चौरस इंचाला हजार पौंडांच्या वर जातो. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं, तर त्यातून निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि आत मांस सडत जातं. बोटं कापावी लागू शकतात. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसायचं नाही, तडक सर्जनकडे जायचं. शोधायचं ते पुठ्ठ्याने. मी फूटभर पुठ्ठा नळीजवळून फिरवला, फेरूलपाशी त्यावर बारीक ओली रेघ उमटली. या नळीखाली हातभर अंतरावर एक्झॉस्टचा तापलेला पाइप होता. त्यावर तेल उडालं असतं तर काय, ते बाबांनी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

नळ्यांचे नट सोडवायला दोन दिवस गेले. चाळीस वर्षांहून जुना गंज, त्यात फ्लेअर नट मऊ. साध्या पान्याने त्याचे कोपरे झडतात, म्हणून पाच बाजूंनी धरणारा फ्लेअर नट पाना लागतो. रात्री गंजाचं तेल सोडायचं, सकाळी पाव आटा हलवायचा, पुन्हा घट्ट करायचा, पुन्हा तेल. सुटलेला प्रत्येक तुकडा बाबा जुन्या वर्तमानपत्रावर काढल्याच्या क्रमाने मांडत होते आणि खाली पेन्सिलीने आकडा घालत होते.

दाबाच्या नळ्या निघाल्यावर परतीच्या नळ्यांचं मी मनावर घेतलं नव्हतं. त्यांत दाब नसतो, क्लॅम्पवर बसतात, झिरपतही नव्हत्या. बाबा म्हणाले, “काढलंच आहे तर सगळंच काढ.” बूस्टरकडून येणारी नळी हाताला विचित्र मऊ लागली. चाकूने उभी चिरली. आतलं रबर रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टपोरं झालं होतं, आणि मधे पेनची रीफिल कशीबशी जाईल एवढीच वाट उरली होती.

दोन वर्षं मला या गाडीचा ब्रेक छळत होता. पाय उचलला तरी तो लगेच सुटत नसे. लांबच्या प्रवासानंतर पुढची चाकं तापलेली असत. मी कॅलिपर बदलले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, आणि दर वेळी तेच. त्याचं कारण इथे होतं, हाताच्या पंजावर. कधीतरी कुणीतरी इथे हीटरच्या पाण्याची नळी बसवली होती. जाडी तीच, दिसायला तशीच. पण पाण्याच्या नळीचं रबर ईपीडीएमचं असतं. गरम पाण्याला ते वर्षानुवर्षं पुरतं, खनिज तेलात मात्र फुगतं. तेलाला नायट्राइल रबर हवं. परतीची वाट अशी आवळली की बूस्टरमध्ये दाब कोंडतो, आणि पेडल सोडलं तरी ब्रेक धरून राहतो.

दाबाच्या नळ्या घेऊन मी होज बनवणाऱ्या दुकानात गेलो. जुनी नळी सोबत नेणं महत्त्वाचं, कारण बाक आणि आटे चित्रावरून जुळत नाहीत. काउंटरवरच्या माणसाने पहिल्यांदा टोकाचा उतार गेजने मोजला. या गाडीचा फ्लेअर ४५ अंशांचा, आणि हायड्रॉलिकच्या दुकानातली बरीच फिटिंग ३७ अंशांची. डोळ्याला आठ अंश कळत नाहीत, पण बसायला हवं तिथे फक्त काठ टेकतो, आणि कितीही आवळलं तरी तेल येतं. मग त्याने दोन्ही टोकांवर पांढऱ्या खडूने एक सलग रेघ ओढली, म्हणजे नवी नळी बसवताना टोकं एकमेकांशी त्याच कोनात राहतील. पोलादाचे वाकवलेले तुकडे ठेवले, रबर नवं घेतलं. क्रिंपिंग मशीनमध्ये आठ जबडे चोहोबाजूंनी एकदम मिटले, बांगडीसारखं फेरूल आवळलं गेलं, आणि त्याने व्हर्निअर लावून माप घेतलं. माप जुळलं तेव्हाच नळी माझ्या हातात दिली. दाबाच्या नळीला क्लॅम्प लावून भागवणारे लोक मी पाहिले आहेत. मी ते कुणालाही करू देणार नाही.

बसवणं अर्ध्या दिवसात उरकलं. लाल तेल पार काढून टाकून पॉवर स्टेअरिंगचं तेल घातलं. इथे मनाची एकदा खात्री करून घ्यावी, कारण वीतभर अंतरावर मास्टर सिलिंडर आहे आणि त्यात ब्रेक ऑइल असतं. ते चुकून या पंपात गेलं तर बूस्टरची सगळी सील फुगून वाया जातात.

हवा काढायला पुढची चाकं ठोकळ्यांवर उचलली. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, वीस वेळा, आणि डब्यातली पातळी पाहत राहायचं. घाई केली तर तेलाला फेस येतो, आणि फेस बसेपर्यंत तास जातो. आम्ही मधे चहा घेतला. मग इंजिन क्षणभर चालू, बंद, पुन्हा चालू. पंपाची घरघर हळूहळू विरत गेली.

शेवटची तपासणी बाबांना करायची होती. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इंजिन बंद असताना पाच-सहा वेळा पेडल दाबून त्यांनी साठलेला दाब संपवला, पेडल ताठ झालं. त्यावर पाय हलका टेकवून ठेवत त्यांनी चावी फिरवली. बूस्टर चांगला असेल तर पेडल आधी किंचित खाली जातं आणि मग तळपायाला उलट ढकलतं. मी खिडकीशी उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी पाय उचलला, पेडल तत्क्षणी वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

“आता सोडतोय,” बाबा म्हणाले.