चेहऱ्यातील कळ : एक अपरिचित व्याधी

तोंडावर पाणी मारावे, घास चावावा किंवा गार वाऱ्याची झुळूक गालास लागावी आणि विजेचा धक्का बसल्यासारखी कळ चेहऱ्याच्या एका बाजूने निघून जावी, अशी ही व्याधी आहे. कळ काही सेकंद, फार तर दोन मिनिटे टिकते. परंतु दिवसातून अनेकदा येते. वैद्यकशास्त्रात हिला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. जॉन फॉदरगिल या इंग्रज वैद्याने १७७३ मध्ये तिचे वर्णन केले होते. ती बहुधा पन्नाशीनंतर उद्भवते व स्त्रियांत अधिक आढळते.

चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या तीन शाखा कपाळ, गाल व खालचा जबडा येथे पसरलेल्या असतात. पुष्कळ रुग्णांत मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूवर टेकलेली असते. तिच्या सततच्या स्पंदनाने त्यावरील आवरण झिजते आणि साधा स्पर्शही वेदना होऊन मेंदूपर्यंत पोहोचतो. क्वचित गाठ किंवा अन्य मज्जाविकार हे कारण असते. म्हणून एमआरआय तपासणी करून घेतात.

कळ जबड्यात उठत असल्याने रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातो, हे स्वाभाविकच होय. खेदाची गोष्ट ही, की कित्येकदा निरोगी दात एकामागून एक काढले जातात आणि कळ मात्र राहते ती राहतेच.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. उपयोग होतो तो कार्बामाझेपिन या मूळच्या अपस्माराच्या औषधाचा. 'हे तर फिटचे औषध' असे ऐकून घरची मंडळी ते बंद करावयास लावतात. तसे करू नये. मात्रा हळूहळू वाढवावी लागते, अधूनमधून रक्ततपासणी लागते, आणि अंगावर पुरळ उठल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे लागते. औषध पुरेनासे झाल्यास रक्तवाहिनी व मज्जातंतू यांच्यामध्ये लहानशी गादी बसविण्याची शस्त्रक्रिया करता येते.

दोन कळांच्या मधल्या वेळात चेहरा अगदी सामान्य दिसतो. त्यामुळे सहकाऱ्यांना हे सोंग वाटते. एका गालाची दाढी न केलेला कर्मचारी किंवा वर्गात मोठ्याने वाचणे टाळणारी शिक्षिका कामचुकार असेलच असे नाही. बोलण्यानेही कळ उठते. पंख्याच्या झोतापासून दूर जागा देणे कोणत्याही कार्यालयास अवघड नाही.

कारण न सापडणाऱ्या डोकेदुखीची गोष्ट निराळी. तेथे पुष्कळदा गोळ्याच दुखण्याचे मूळ ठरतात : महिन्यातील १५ वा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखत राहू शकते. मात्र डोकेदुखी एकाएकी व अतितीव्र सुरू झाली, सोबत ताप व मान आखडणे, दृष्टी मंदावणे किंवा हातापायांत अशक्तपणा असला, अथवा पन्नाशीनंतर ती प्रथमच उद्भवली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात न्यावे.