ऊस तोच, मुलूख परका

सभासद बंधूंनो, उसापायी माणूस किती लांब गेला ते पाहायचे तर मॉरिशस पाहावे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख हिंदी मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांत आपली कोकणातली मंडळीही होती. सुरुवातीला करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. एक खाडा पडला की मजुरी दोन दिवसांची कापली जाई. बोलायला क्रिओल शिकावी लागली. तरी गणपती सोडला नाही. गणेश चतुर्थीला तिथे आज सरकारी सुट्टी असते.

आपल्या फडावरही टोळ्या परमुलखातूनच येतात. कोपीला पाणी आहे का, पोरं शाळेत जातात का, एवढी विचारपूस आपण केलीच पाहिजे, असे आम्हांस वाटते.