बोर्दोचे मिश्रण

विषय वाइनचा असल्यामुळे आरंभीच सांगून टाकतो, की मी तिचा घोटही घेतलेला नाही. माझे कुतूहल निव्वळ वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस असलेल्या बोर्दो परिसरातील नामांकित तांबड्या वाइनची एकेक बाटली शेकडो युरोंना जाते. आणि गंमत अशी, की ती बहुधा एका जातीच्या द्राक्षांची नसतेच. दोन, तीन, क्वचित चार-पाच जातींच्या वाइनचे ते मिश्रण असते. आपल्याकडे ‘मिश्रण’ म्हटले की भेसळीचा संशय येतो. मग तेथे तीच गोष्ट प्रतिष्ठेची कशी झाली?

त्यासाठी प्रथम जमीन पाहावी लागते. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद नावाची रुंद खाडी बनते व ती अटलांटिक महासागराला मिळते. डाव्या काठावर मेदोकचा टापू आहे. तेथील जमीन गोट्यांची आणि वाळूची. पाणी धरून ठेवत नाही, उन्हाने चटकन तापते. अशा उबदार जमिनीत काबेर्ने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात चांगली येते. अथणी-विजापूरकडची गोड, बिनबियांची द्राक्षे खाणाऱ्या आपल्याला ही द्राक्षे पसंत पडणार नाहीत. दाणा लहान, साल जाड, आत बिया. पण त्या सालीतला तुरटपणाच वाइनला वर्षानुवर्षे टिकवतो. उजव्या काठावर सेंतेमिलियों व पोमरोल येथे चिकणमाती आणि चुनखडी आहे, जमीन थंड आहे. तेथे मेर्लो ही लवकर पिकणारी, मऊ चवीची जात अधिक.

आता हवामान. समुद्र जवळ असल्याने ते लहरी आहे. एप्रिलात पाणी गोठवणारी थंडी पडली, तर आधी फुटलेली मेर्लोची कोवळी पालवी करपते. शरदात पावसाने गाठले, तर मेर्लो तोवर घरात आलेली असते, पण काबेर्ने कच्चीच राहते. दोन्ही जाती एकाच वर्षी बुडण्याचा संभव कमी. आपला शेतकरी ज्वारीत तुरीच्या ओळी घालतो, त्यामागचा हिशेब याहून निराळा नाही. चवीचे शास्त्र मागाहून आले असावे. आधी जोखीम वाटून घेण्याची शेतकऱ्याची अक्कल होती, असे मला वाटते.

प्रत्यक्ष काम असे चालते. प्रत्येक जातीचा, पुष्कळदा प्रत्येक तुकड्याचा रस वेगळा आंबवतात. हिवाळ्यात सगळे नमुने मांडून चाखतात आणि कोणता किती घ्यायचा ते ठरवतात. प्रमाण दरवर्षी बदलते. जे उतरत नाही ते मालकाच्या दुय्यम नावाने, कमी किमतीत विकले जाते. निवडलेला माल २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत दीड-दोन वर्षे मुरतो. पण नामांकित मालक त्यापूर्वीच, सुगीनंतरच्या वसंतात, व्यापाऱ्यांकडून पैसे घेऊन मोकळे होतात! बाटली अजून भरलेलीही नसते. वायदेबाजाराचा धडा याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच शिकवता येईल.

प्रतवारीही व्यापारीच. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाइनची क्रमवारी हवी होती. दलालांनी बाजारभाव पाहून मळ्यांचे पाच वर्ग पाडले. तो भावाचा तक्ता पुढे कुळीचा दाखला बनला. त्यात ठळक बदल म्हणजे १९७३ साली मुतों-रोथशिल्ड हा मळा दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेला, एवढाच.

हा मिश्रणाचा विमा मात्र सर्व संकटांना पुरत नाही. फेब्रुवारी १९५६ च्या थंडीने पालवी नव्हे, वेलीच मारल्या. उजव्या काठाची हानी फार मोठी होती. एप्रिल २०१७ च्या थंडीने बोर्दोचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटवले. आता उलट संकट उन्हाळ्याचे आहे. मेर्लो फार लवकर पिकते, साखर वाढते आणि तिच्याबरोबर मद्यार्कही. म्हणून २०२१ साली काही नव्या जातींना परवानगी मिळाली. त्यांत पोर्तुगालची तुरीगा नासियोनाल आहे. मळ्याच्या ५ टक्के क्षेत्रात आणि मिश्रणाच्या १० टक्क्यांपर्यंतच ती चालते. म्हणजे विम्याचा हप्ता थोडा वाढवला.

मागणी घटली तर काय? खुद्द फ्रान्समध्ये तांबडी वाइन पिणारे कमी झाले, चीनची खरेदी आटली. वेलींच्या किती जाती आहेत याने तेथे काही फरक पडत नाही. २०२३ साली बोर्दोत सुमारे ९,५०० हेक्टर वेली उपटण्याची अनुदान योजना आली. शेकडो युरोंच्या बाटल्यांचे मळे तिच्यात नव्हते; बहुतेक वेली होत्या नुसत्या ‘बोर्दो’ या नावाने स्वस्त माल विकणाऱ्या शेतकऱ्यांच्या. मोबदला ठरला हेक्टरी ६,००० युरो.