वाट देणारी भिंत

भिंत म्हटली की वाट अडली, असे आपण धरूनच चालतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आईला घेऊन मी धाकट्या बहिणीकडे कॅनडात, व्हँकुव्हरला गेलो, तेव्हा मात्र एका भिंतीनेच आमची वाट मोकळी केली!

पहिले आठ दिवस आईने खिडकीत बसून काढले. बहीण आणि मेहुणे कामावर, नात शाळेत. शेजारी कोण राहते हे बहिणीलाही धड ठाऊक नव्हते. "घर छान आहे गं, पण बोलायचं कुणाशी?" हा आईचा सवाल बिनतोड होता. शेवटी एका दुपारी तिला स्टॅन्ली पार्कच्या 'सी वॉल'वर नेले.

सी वॉल म्हणजे पार्कच्या कडेने सुमारे नऊ किलोमीटर गेलेला दगडी बांध आणि त्याच्या माथ्यावरची वाट. मोटारीला इथे मज्जाव. पाण्याकडची बाजू पायी चालणाऱ्यांची, आतली सायकलवाल्यांची. आणि सायकली सगळ्या एकाच दिशेने जातात. मागून घंटी वाजली तर कुठे उडी मारावी, ही आपल्याकडची धास्ती नाही.

गंमत अशी, की हा बांध फेरफटक्यासाठी घातलाच नव्हता. लाटांच्या माऱ्याने किनारा ढासळू लागला, म्हणून १९१७ मध्ये काम निघाले. पुढे मंदीच्या वर्षांत बेकारांच्या हातांना इथे काम मिळाले. जेम्स कनिंगहॅम या स्कॉटिश गवंड्याने १९३१ पासून देखरेख केली. निवृत्तीनंतरही हा गृहस्थ काम पाहायला येतच राहिला. १९६३ मध्ये तो वारला, आणि बांध पुरा झाला १९७१ साली. त्याला पुरी प्रदक्षिणा घडलीच नाही, ही रुखरुख त्या दगडांवरून चालताना मला लागून राहिली.

दुसरी रुखरुख अधिक बोचरी. या किनाऱ्यावर मूळ रहिवाशांची वस्ती होती, ब्रॉक्टन पॉइंटला पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली घरे होती. बाग सर्वांची व्हावी म्हणून त्या कुटुंबांवर कज्जे झाले आणि १९३१ मध्ये बहुतेक घरे जाळण्यात आली. 'सर्वांची' या शब्दातून कोण वगळले गेले, हे त्या रम्य वाटेवरही विसरवत नाही.

आईला त्या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. तिला माणसे हवी होती, आणि ती तिथे मुबलक होती: बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, सायकल शिकणारी पोरे. तिकीट नाही, वर्गणी नाही, कुणाच्या ओळखीची गरज नाही. चौथ्या दिवशी बाकावर एक पंजाबी आजीबाई भेटल्या. आईचे हिंदी बेताचे, त्यांचे मराठी शून्य. पण गुडघेदुखीवर दोघींचे तासभर रंगले! त्यानंतर तीन वाजले की आई बूट घालून दारात उभी. रोज एक बाक पुढे, असा तिचा हिशेब. नातही शाळेतून आली की सायकल घेऊन बरोबर निघू लागली.

परत येऊन आता चार महिने झाले. आमच्या घरापासून नदी दहा मिनिटांवर आहे, पण मध्ये भरधाव मोटारींचा रस्ता. आईचे बूट दाराशी तसेच आहेत. परवा धूळ झटकताना तिने विचारले, "अरे, पलीकडे न्यायला तू कधी मोकळा आहेस?"