नव्या संगणकावर जुन्याची आज्ञावली

मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे पाण्यापलीकडे मुंबई दिसते. त्या मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः घडवून पुरा केला. चारच वर्षांनी तेथे अमेरिकेहून ‘सीडीसी ३६००’ हा अधिक वेगवान संगणक आला. टिफ्रॅक ४० बिटांचा गट एका वेळी हाताळी, नवा संगणक ४८ बिटांचा. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी कोणताही एक अंक. दोघांचे आज्ञासंकेतही निराळे; त्यामुळे एकाच्या संकेतांत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यास कळणे शक्य नव्हते.

यावर उपाय म्हणजे कंपायलर. मनुष्यास समजेल अशा भाषेत आज्ञावली लिहावयाची आणि कंपायलरने तिचे यंत्राच्या संकेतांत भाषांतर करावयाचे. आता, भाषांतर जेथे होते तेथेच ते वाचले जावे असे थोडेच आहे? पुण्यात बसून कानडी वाचकासाठी भाषांतर करता येते. तद्वत आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर कालच्या ३२ बिटांच्या संगणकासाठी आज्ञावली घडविता येते. जुन्या यंत्राची स्मृती बहुधा तोकडी असते. हे अवजड काम नवे यंत्र झटपट उरकते.

समजा, मांडव्याच्या एखाद्या शाळेतील जुन्या संगणकावर भरतीची वेळ दाखवावयाची आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून ही वेळ काढतात. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हिशेब सोपा आहे. आज्ञावली नव्या संगणकावर लिहून कंपायलरला ‘३२ बिटांसाठी घडव’ असे बजावले. परंतु तेवढ्याने भागत नाही. तारीख मोजणे, अक्षरे उमटविणे ही कामे लायब्ररी नावाच्या तयार संग्रहांतून घेतलेली असतात. तेही ३२ बिटांचेच हवेत. ६४ बिटांचा एक भाग मिसळला, तरी जोडणी होत नाही.

असा उघड नकार पुष्कळ बरा. स्मृतीतील जागेचा पत्ता जुन्या यंत्रात चार बाइटांचा, नव्यात आठ बाइटांचा असतो. लिहिणाऱ्याने एकच माप गृहीत धरले, तर आज्ञावली घडते, पण उत्तर चुकते. म्हणून चाचणी घ्यावीच लागते. २००३ सालच्या ‘ऑप्टेरॉन’ या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ३२ बिटांच्या आज्ञावल्याही चालत. मांडव्याच्या रो-रो बोटीत मोटारगाडी जशीच्या तशी चढते, तसेच हे. तरीही शेवटची चाचणी मूळ जुन्या यंत्रावरच घेणे बरे.

या खटाटोपास एक मुदतही आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले ते मोजून तारीख ठरवितात. जुन्या पद्धतीच्या ३२ बिटांत ही संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. तो सेकंद भारतात १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल. पुढच्याच सेकंदाला तसा संगणक डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल, आणि शाळेतील यंत्र त्या काळची तिथी धरून भरती सांगू लागेल! सेकंद ६४ बिटांत मोजण्याची सोय ३२ बिटांच्या यंत्रावरही करता येते. मात्र त्यासाठी आज्ञावलीचा तारीख हाताळणारा प्रत्येक भाग नव्याने घडवावा लागतो. एक जरी जुना राहिला, तरी तो आठ बाइटांची तारीख चार बाइटांची समजून वाचील.