सोलरची नळी ठिबकते, दोष मात्र टाकीत!

पुण्याच्या महात्मा फुले मंडईतून बोहरी आळीकडे वळले, की नळ, पाइप, वायसर अशा सामानाची दुकाने लागतात. गेल्या थंडीत तेथे आमच्या भागातील एक बागायतदार शेतकरी भेटले. हातात पाइपाचे टोपण होते. म्हणाले, "साहेब, सोलर बंबाच्या वरच्या नळीतून रात्रंदिवस टिपटिप चालू आहे. टोपण ठोकून टाकतो, म्हणजे कटकट मिटली!"

मी म्हटले, "काका, टोपण राहू द्या. आधी नळी का ठिबकते ते बघू."

शेतकरी बंधूंनो, ही नळी उगाच ठेवलेली नसते. पाणी तापले की फुगते. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले, तर सुमारे 3 लिटरने वाढते. या वाढीला, हवेला आणि वाफेला मोकळी वाट हवी. नळी बंद केली तर टाकीवर दाब येऊन ती फुटू शकते. उलट गरम पाणी झपाट्याने काढले आणि आत हवा शिरली नाही, तर टाकी पोचून आत बसते. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाचे तोंड कोणी झाळून बंद करतो का? तसेच हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या गच्चीवर गेलो. पहाटेच का? फक्त कडक उन्हात चार थेंब पडत असतील तर ती पाण्याची फुगवट असू शकते. ऊन नसतानाही ठिबकत असेल, तर पाण्याची पातळी चुकली असे समजावे. तेथे पहाटेही थेंब पडतच होते.

मग थंड पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले. टाकी काठोकाठ भरलेली! या टाकीतूनच सोलरला पाणी जाते आणि पाणी सगळीकडे आपली पातळी गाठते. टाकीतले पाणी नळीच्या तोंडापेक्षा वर चढले, की नळीतून गळणारच. सोलरचा काही दोष नव्हता.

टाकी भरूनही पाणी थांबत का नव्हते? बॉल कॉकचा गोळा हाताने वर उचलला, तरी धार चालूच. म्हणजे वायसर गेला किंवा बैठकीत कचरा अडकला. गोळा उचलल्यावर धार थांबली असती, तर दांडी वाकली किंवा गोळ्यात पाणी शिरले असे समजलो असतो. गोळा हलवून आवाज ऐकला की ते कळते. येथे बोअरच्या क्षाराने वायसर झिजला होता. नवा वायसर बसवला, दांडी थोडी खाली वाकवली. तासाभरात टिपटिप बंद! नळीही वाढवून टाकीतील पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा फूटभर उंच घेतली.

टाकीची पातळी ठीक असूनही गळत असेल, तर न्हाणीघरातील मिक्सर पाहावा. त्याला थंड पाणी पंपाच्या दाबाने किंवा थेट नळयोजनेच्या लाइनवरून येत असेल, तर ते गरम पाइपात घुसून सोलरकडे उलटे चढते. मिक्सरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करावा. ठिबकणे थांबले, तर दोष तेथेच. मिक्सरला गरम-थंड दोन्ही पाणी एकाच टाकीतून द्यावे किंवा त्याच्या गरम लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवावा.

तपासताना नळीखाली तोंड किंवा हात नेऊ नये. पाणी भाजण्याइतके गरम असते.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी. ठिबकचा ड्रीपर तासभर चालावा तेवढे हे झाले! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ते परवडणारे नाही. सरपंच व ग्रामसेवक मंडळींनी शाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे येथील सोलरची नळी व टाकी थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावी. कोठे नळीला टोपण किंवा बोळा बसवलेला दिसला, तर तो आधी काढावा.

आमच्या काकांनी ते टोपण परत केले नाही. बदललेल्या वायसरशेजारी खिळ्याला टांगून ठेवले आहे. म्हणतात, "पुन्हा घाई सुटली तर आठवण राहील!"