आधी विमान मोड

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या एका अभ्यासिकेची वरची खोली महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्हाला मिळते. खाली तलाठी आणि पोलीस भरतीची मुलं मान खाली घालून बसलेली असतात. त्यामुळे जिन्यात चपला हातात घ्यायच्या आणि दार लावल्यावरच तोंड उघडायचं. दहा-बारा जण जमतो. दोघं-तिघं पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करणारे, काही इंजिनीअरिंगची मुलं-मुली, गडचिरोलीहून मूलमार्गे एसटीनं येणाऱ्या एक शिक्षिका आणि एक फ्लेक्सवाले भाऊ. प्रत्येकानं आपण बनवत असलेलं मोबाइल अॅप किंवा त्याचं डिझाइन दाखवायचं आणि बाकीच्यांनी ते वापरून बघायचं. नियम एकच आहे: दाखवण्याआधी फोन विमान मोडवर टाकायचा.

हा नियम अनुभवातून आला. अॅप बनवणाऱ्यांचे मेळावे पुण्या-मुंबईत होतात, नागपुरातही होतात. तिथे पडद्यावर सुंदर दिसणारं अॅप इथून निघून धानोऱ्याच्या पुढे गेलं की गोल चक्र फिरवत बसतं. एटापल्ली-भामरागडकडे तर रेंज असलेली जागा लोकांना पाठ असते. अमुक वळणावरचा दगड, तमुक शाळेची गच्ची. तिथे पोहोचेपर्यंत अॅपनं स्वतःच्या हिमतीवर चाललं पाहिजे. म्हणून आमच्याकडे विमान मोडवर जे उघडत नाही, ते त्या दिवशी पुढे दाखवलं जात नाही. मुलांना सुरुवातीला हे जाचक वाटतं. दोन-तीन बैठकांनंतर तीच नवीन येणाऱ्याचा फोन हातात घेऊन आधी ते विमानाचं चिन्ह दाबतात.

सगळ्यात जास्त रविवार आम्ही तेंदूच्या अॅपवर घालवले, आणि त्याबद्दलच मला सविस्तर सांगायचं आहे.

विड्यांसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचा हंगाम मे महिन्यात दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे घरची सगळी माणसं जंगलात, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, न्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे 70 हजार पानं. फळीवर पुडे मोजून रांगेत मांडले जातात आणि आकडा घराच्या कार्डावर चढतो. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि वनहक्क कायदा यांच्यामुळे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतः करतात, म्हणून हा हिशेबही त्यांचाच. वर्षभरातली मोठी रोख रक्कम या कार्डावर ठरते. वह्या घामानं आणि अवकाळी पावसानं भिजतात, बेरजा चुकतात. हिशेब फोनवर घ्यावा असं एका ग्रामसभेच्या तरुणांनाच वाटलं आणि ते आमच्याकडे आले.

आम्ही अॅप बनवलं. रेंज नसताना नोंद फोनमध्येच राहायची आणि रेंज मिळाली की वर जायची. फळीवर दोन फोन दिले, कारण संध्याकाळी गर्दी एकदमच होते. तिसऱ्या दिवशी एक बाई कार्ड घेऊन समोर आल्या. अॅपमध्ये त्यांच्या घरापुढे साठ पुडे दिसत होते. त्यांनी कार्डावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, माझे एकशेवीस कोठी गेले?"

एकशेवीस पुडे त्यांनी आणले होते, साठ मागाहून त्यांच्या मुलानं आणले. दोन नोंदी दोन वेगळ्या फोनांवर झाल्या. आमच्या प्रणालीला एकाच घराच्या, एकाच तारखेच्या दोन नोंदी दिसल्या. तिनं नंतरची खरी मानली आणि आधीची पुसून टाकली. कागदाचं कार्ड जवळ होतं म्हणून त्या घराची मजुरी वाचली. कार्ड बंद करून फक्त फोनवर हिशेब ठेवायचा, असा प्रस्ताव आमच्यातल्याच काहींनी मांडला होता. तो मान्य झाला असता तर त्या बाईंकडे बोट ठेवायला काहीच राहिलं नसतं. ही चूक आमची होती, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावच्या हिशेब लिहिणाऱ्या दादांना खोलीत बोलावलं. त्यांनी सोबत जुनं रजिस्टर आणलं होतं. त्यात कुठेच खाडाखोड नव्हती. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खाली नवा आकडा, बाजूला सही. जुना आकडा रेघेखाली वाचता येतोच. आम्ही सगळे ते पान बराच वेळ बघत राहिलो, कारण आमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर होतं. त्या दिवशी अॅपची मांडणी बदलली. आता प्रत्येक नोंद म्हणजे स्वतंत्र ओळ. ती ज्या फोनवर होते तिथेच तिला वेगळा क्रमांक मिळतो. एकदा लिहिलेली ओळ पुसता येत नाही, दुरुस्ती हवी तर नवी ओळ घालायची. बेरीज ओळींवरून होते. एकशेवीस आणि साठ मिळून एकशेऐंशी, फोन कितीही असोत. कागदाचं कार्ड तसंच ठेवलं आहे.

फ्लेक्सवाल्या भाऊंनी वेगळीच गोष्ट शिकवली. ते वीस वर्षं पाट्या, बॅनर, लग्नपत्रिका करत आले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचा पडदा पाहून सांगितलं, "हा 'ल' आपला नाही जी." खरंच होतं. मराठी आणि हिंदी यांची देवनागरी संगणकाच्या दृष्टीनं एकच, पण 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी आहेत. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात ती अधिकृतपणे दिलेली आहेत. फॉन्टमध्ये मराठी वळणं असली तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे अॅपला सांगावं लागतं. एका ओळीचं काम, पण ते कोणी केलेलं नव्हतं. मग भाऊंनी 'सर्वांची' शब्दावरचा रफार आणि अनुस्वार बटणाच्या वरच्या कडेत कापला गेलेला दाखवला, 'दुसऱ्या' ऐवजी उमटलेलं 'दुसर्या' दाखवलं. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठेवली की मराठीचं डोकं कापलं जातं. डिझाइन शिकणाऱ्या मुली आता पडद्याचा आराखडा करताना खोटा मजकूर भरत नाहीत. रफार-मात्रांनी लदलेली खरी मराठी वाक्यं भरतात, आणि भाऊ ती तपासतात.

जीपीएसवर एक अख्खा रविवार गेला. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्राची सीमा फोन घेऊन चालत नोंदवायची असते. एका विद्यार्थ्यानं पाच मीटरपेक्षा जास्त चूक असलेला बिंदू अॅपनं घेऊच नये अशी अट घातली. मे महिन्यात सागाची पानं गळालेली असतात, आकाश मोकळं असतं, तेव्हा ती चालली. ऑगस्टमध्ये ओल्या, दाट पानांखाली एकही बिंदू मिळेना. आता अॅप थांबायला सांगतं, चूक किती मीटरची आहे ते मोठ्या अक्षरात दाखवतं आणि बिंदू घ्यायचा की नाही हे चालणाऱ्यावर सोपवतं. उन्हानंही असाच धडा शिकवला. चंद्रपूरचा पारा 48 अंशांपर्यंत गेलेला आम्ही पाहिला आहे. तापलेला फोन पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो, आणि फिकट राखाडी अक्षरं दिसेनाशी होतात. पांढऱ्यावर काळं, ठळक, एवढंच तिथे टिकतं.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या 29 लाखांहून अधिक नोंदली गेली. मसराम गोंडी लिपीला 2017 मध्ये आणि गुंजाला गोंडी लिपीला 2018 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण आम्ही ज्या फळ्यांवर गेलो तिथे गोंडी बोलली जाते आणि लिहायचं तेव्हा देवनागरीत लिहिलं जातं. गडचिरोलीच्या शिक्षिकांनी यावर वाट काढली. त्यांनी गावातल्याच एका आजींच्या आवाजात गोंडी आकडे ध्वनिमुद्रित केले. आता आकडा भरला की फोन तो मोठ्यानं बोलतो. पुडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, वाचता येवो न येवो, आपला आकडा आपल्या भाषेत ऐकू येतो आणि चुकला असेल तर तो तिथेच टोकतो. आम्ही केलेल्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

या भागात एकत्र बसून शिकण्याची रीत आमच्या आधीपासून आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. त्यामागे गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत वर्षानुवर्षं चाललेला अभ्यासगट होता. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलावायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेनं सर्वसहमतीनं करायचा. आमच्या खोलीनं ही वाटणी जशीच्या तशी उचलली आहे. अॅप कसं चालेल ते आम्ही शोधतो. ते वापरायचं की नाही, हिशेब कोणाला दिसावा, माहिती कोणाकडे राहावी, हे गाव ठरवतं. एका गावानं आमचं अॅप विचारपूर्वक नाकारलं. त्यांचं रजिस्टर चोख आहे, त्यांना गरज नव्हती.

आमच्याकडे अजून आयफोनवर काम करणारं कोणी नाही, डिझाइन शिकवणारी माणसं कमी आहेत, आणि भामरागडकडची माडिया बोलणारी मुलं इतक्या लांब येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी बैठक तिकडेच नेण्याचा विचार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीची कितीतरी मुलं पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत हेच काम करतात. त्यांना एवढंच सांगणं आहे: दिवाळीला घरी याल तेव्हा एक रविवार आमच्यासाठी ठेवा. लॅपटॉप नसला तरी चालेल. घरातला सगळ्यात जुना फोन आणि तो वापरणारं माणूस, दोघांना सोबत घेऊन या.